स्प्लेंडरनंतर कुठली गाडी? आधी तुमची सगळ्यात अवघड दहा मिनिटं सांगा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय 27, उंची पाच फूट पाच इंच, वजन 62 किलो. मूळ गाव कराडजवळ, राहायला वाकडला, नोकरी हिंजवडीत. सात वर्षं स्प्लेंडर चालवलीत, एकदाही पडला नाहीत. आता मोठी गाडी घ्यायची आहे आणि तीन नावांवर अडलाय: केटीएम 390 ड्यूक, रॉयल एनफिल्डची हिमालयन 450 आणि क्लासिक 350. महिन्यातून दोनदा मित्रांबरोबर घाटात जायचंय, एकदा बायकोला घेऊन गावी जायचंय, पुढच्या वर्षी लडाख डोक्यात आहे. मित्र म्हणतो, ‘एकदाच काय ती मोठी घे, परत परत घेणं होत नाही.’ आणि शेवटी तुम्ही विचारलंय, ‘मला 390 झेपेल का?’

पुण्यात अठरा वर्षं मी लोकांना मोटारसायकल चालवायला शिकवतोय. ‘झेपेल का’ हे विचारणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे मोकळा रस्ता असतो. साताऱ्याच्या हायवेवर गाडी शंभरला आहे, आणि आपण ती सांभाळतोय. तिथे 390 तुम्हाला झेपेल. पहिल्याच दिवशी झेपेल. सरळ रस्त्यावर वेगात असलेली गाडी स्वतःचा तोल स्वतःच सांभाळते, चालवणाऱ्याचं काम तिथे सगळ्यात कमी असतं.

म्हणून मी लोकांना वेगळा प्रश्न विचारतो. गेल्या वर्षभरात गाडीवर असताना सगळ्यात अवघड गेलेली दहा मिनिटं कुठली? उत्तरं ठरलेली असतात. पावसात फ्लायओव्हरच्या चढावर ट्रॅफिक थांबलं आणि मागे बायको होती. घाटात वळणावर समोरून एसटी आली. पार्किंगमधून उतारावर गाडी मागे ओढायची होती. कुत्रं आडवं आलं. माणूस पडतो तो अशा वेळी, आणि गाडी निवडायची तीही अशा वेळेसाठी.

माझ्यावरची वेळ सांगतो. मी एकतीस वर्षांचा होतो, नऊ वर्षं गाडी चालवत होतो, जवळ जड 350 होती. कुंभार्ली घाटात भर पावसात चहाला थांबायचं म्हणून गाडी कडेला घेतली. मागे बायको होती, वेग चालण्याइतका. डावा पाय टेकायला खाली सोडला तर तिथली माती वाहून गेलेली, जमीन चार बोटं खाली. गाडी कलली, मी धरून ठेवायला गेलो, आणि आम्ही दोघं गाडीसकट हळूहळू आडवे झालो. मला काही झालं नाही. बायकोचं मनगट मोडलं. त्या घाटातली सगळी वळणं मी नीट घेतली होती आणि शून्य वेगात तिला पाडलं. त्या गाडीवर माझा पाय अर्धवटच टेकायचा, हे मला विकत घेतानाच माहीत होतं. हायवेवर ती मस्त पळते एवढं पुरे वाटलं होतं.

आता तुमच्याकडे येतो. सात वर्षं न पडणं ही लहान गोष्ट नाही. रिक्षा कधी वळेल, उभ्या गाडीचं दार कधी उघडेल, हा अंदाज तुमच्याकडे आहे आणि तो कुठल्याही गाडीवर उपयोगी पडणार. पण स्प्लेंडरने काही सवयीही लावल्या आहेत, आणि तुमच्या बाबतीत मला काळजी त्यांचीच आहे.

पहिली सवय गिअरची. तुमच्या गाडीत चारही गिअर पायाचं पुढचं टोक खाली दाबत पडतात. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गाड्यांत पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर. म्हणजे स्प्लेंडरवर गिअर वाढवायला तुम्ही जी हालचाल करता, तीच नव्या गाडीवर गिअर कमी करते. शांत डोक्याने हे चार दिवसांत जमतं. पण ट्रकला ओव्हरटेक करताना मन ट्रकवर असतं आणि पाय जुन्या सवयीने चालतो. ऐंशीच्या वेगात वरचा गिअर समजून खालचा पडला की इंजिन किंचाळतं आणि मागचं चाक अडखळतं. हल्लीच्या स्लिपर क्लचमुळे तो धक्का बराच कमी होतो, पण माणूस दचकतो, आणि दचकल्यावर पुढे काय करेल ते सांगता येत नाही. स्प्लेंडरवरून आलेल्या लोकांकडून मी पहिले 500 किलोमीटर ओव्हरटेक करून घेत नाही.

दुसरी ब्रेकची. ‘पुढचा ब्रेक मारला की माणूस पडतो’ हे आपल्याकडे घराघरात शिकवलं जातं. त्यामुळे बहुतेकांचा खरा ब्रेक म्हणजे उजवा पाय. पण जोरात ब्रेक लावल्यावर गाडीचं वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं, आणि थांबवण्याचं बहुतेक काम पुढच्या चाकाला करावं लागतं. वेग साठ असेल तर कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगला ब्रेक लावूनही गाडी साधारण 20 मीटरमध्ये थांबते. शंभर असेल तर 56 मीटर लागतात. दचकून ब्रेकपर्यंत हात जायला एक सेकंद गेला असं धरलं तर त्यात अनुक्रमे 17 आणि 28 मीटरची भर पडते. म्हणजे साठला 37 आणि शंभरला 84 मीटर. वेग दुपटीनेही वाढला नाही, पण थांबायचं अंतर सव्वादोन पट झालं. तुमचा अंदाज सात वर्षं साठच्या आसपास घडलाय. नवी गाडी शंभरला साठइतकीच शांत वाटेल, आणि तुम्ही अंतर साठच्याच हिशेबाने ठेवाल.

तिसरी सवय उजव्या मनगटाची, आणि 390 बाबत माझा हात थांबतो तो इथे. स्प्लेंडरमध्ये 8 पीएस आहेत (पीएस म्हणजे इंजिनाच्या ताकदीचं माप), गाडी 112 किलोची. चढावर, डबल सीट, तुम्ही थ्रॉटल, म्हणजे उजव्या मुठीतला अॅक्सिलरेटर, अर्ध्याहून जास्त पिळत असणार. पिळावाच लागतो. ड्यूकमध्ये 46 पीएस, वजन 168 किलो. तुमचं वजन दोन्हीकडे धरून किलोमागे ताकद काढली तर ड्यूक स्प्लेंडरच्या चौपटीहून पुढे जाते. हिमालयन सव्वातीन पटीहून थोडी पुढे, तिचे 40 पीएस आणि 196 किलो. क्लासिक पावणेदोन पट, 20 पीएस आणि 195 किलो. या आकड्यांतून कुठली गाडी चांगली ते ठरत नाही. तुमच्या मनगटाची एक चूक किती महाग पडेल, ते मात्र कळतं.

ती चूक होते कशी ते सांगतो. गाडी अपेक्षेपेक्षा जोरात सुटते. शरीर मागे फेकलं जातं, हात ताणले जातात, आणि ताणलेला उजवा हात नकळत थ्रॉटल आणखी उघडतो. गाडी आणखी जोरात सुटते. स्प्लेंडरवर हे घडून गेलेलं कळतसुद्धा नाही. बावीस वर्षांचा एक मुलगा स्कूटरवरून थेट या वर्गाच्या गाडीवर गेला होता. सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडताना, जेमतेम पंधराच्या वेगात, त्याच्याकडून हेच झालं आणि तो समोरच्या भिंतीवर गेला. मांडीचं हाड मोडलं. मुलगा उद्धट नव्हता, वेगवेडाही नव्हता. गाडी नवी होती आणि हाताला जुनी सवय होती, बस.

इथे आपल्या कायद्याचाही भाग येतो. आपल्याकडे अठराव्या वर्षी गिअरच्या मोटारसायकलचं लायसन्स मिळालं की त्यावर 100 सीसी चालवा नाहीतर 1000 सीसी. युरोपात पायऱ्या आहेत. आधी 125 सीसी आणि 11 किलोवॉटपर्यंत, मग दुसऱ्या लायसन्सवर 35 किलोवॉटपर्यंत, त्यानंतर मर्यादा नाही. 390 ड्यूकचे 46 पीएस म्हणजे जेमतेम 34 किलोवॉट. जिला आपल्याकडे कॉलेजच्या मुलांची पहिली गाडी समजतात, ती तिकडे दुसऱ्या पायरीच्या अगदी वरच्या टोकाला बसते. आपल्याकडे पायरी कायदा ठरवत नाही, म्हणून ती आपली आपण ठरवायची.

याचा अर्थ ड्यूक वाईट असा घेऊ नका. तुमच्या तीन गाड्यांत सगळ्यात हलकी तीच आहे, आणि ब्रेक सगळ्यात तेज तिचे आहेत. पल्सर किंवा एफझीसारखी गाडी चार-पाच वर्षं चालवलेला, पुढचा ब्रेक रोज वापरणारा, बहुतेक वेळा एकटा फिरणारा माणूस आला असता तर मी त्याला ‘घ्या, आणि पहिले तीन महिने जपून चालवा’ असं सांगितलं असतं. तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे तुमची पत्नी. ड्यूकची मागची सीट लहान आणि उंच आहे. वाकड ते कराड म्हणजे दीडशेहून जास्त किलोमीटर, मध्ये खंबाटकी. मागे बसलेला माणूस अवघडलेला असला की हलतो, आणि तो हलला की तोल तुम्हाला सांभाळावा लागतो.

आता हिमालयन. तिची सीट 825 मिलिमीटर. तुमच्या उंचीच्या माणसाच्या पायाची आतली लांबी साधारण 750 मिलिमीटर भरते, पण अंदाजावर जाऊ नका, मोजा. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक सीटसारखं वर घट्ट धरा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. त्यात बुटाचा तळ मिळवा. बसल्यावर सस्पेन्शन थोडं दबतं, तेही तुमच्या बाजूने. पण कागदावरची सीटची उंची अर्धीच गोष्ट सांगते, सीट पुढे किती रुंद आहे हेही तितकंच महत्त्वाचं. क्लासिकची सीट 805 मिलिमीटर आहे, पण रुंद असल्यामुळे मांड्या फाकतात. ड्यूकची 820 असून निमुळती असल्यामुळे पाय सरळ खाली जातो. म्हणून बसून बघितल्याशिवाय कुणाचंही ऐकू नका, माझंही.

पाय पूर्ण टेकलाच पाहिजे असा माझा हट्ट नाही. पाच फूट एक इंच उंचीच्या एक बाई माझ्याकडे शिकल्या आणि आज त्या उंच अॅडव्हेंचर गाडी माझ्या बहुतेक उंच विद्यार्थ्यांपेक्षा चांगली चालवतात. पण त्या थांबतात कशा ते बघा. थांबायच्या वीस मीटर आधी त्यांची नजर जमिनीवर जाते, उंच बाजू कुठली ते ठरतं, नितंब सीटवरून एका बाजूला सरकतात, आणि एकच पाय पूर्ण टेकतो. हे अंगवळणी पडायला त्यांना सहा महिने लागले, आणि ते महिने त्यांनी एका हलक्या 200 सीसी गाडीवर घालवले. तुमच्याकडे ते सहा महिने असतील, आणि खराब रस्त्यावर तुम्ही खरंच वारंवार जाणार असाल, तर हिमालयनचा विचार करा. ताम्हिणी आणि वरंध डांबरी घाट आहेत. पावसाळ्यात खड्डे पडतात हे खरं, पण तेवढ्यासाठी अॅडव्हेंचर गाडी लागत नाही.

लडाखबद्दल थोडक्यात. वर्षाच्या 365 दिवसांतल्या पंधरा दिवसांसाठी गाडी घेऊ नका. खारदुंग ला 5,359 मीटरवर आहे. तिथे हवाच इतकी विरळ असते की कुठल्याही साध्या इंजिनाची ताकद जवळपास निम्म्यावर येते, आणि तरीही लोक 100 सीसीच्या गाड्या घेऊन तिथे पोचतात. तिथे कस लागतो तो तुमच्या दमाचा आणि ओल्या खडीवर गाडी सावकाश चालवण्याचा.

राहिली क्लासिक. तुमच्या उजव्या मनगटाला ती सगळ्यात जास्त सांभाळून घेईल. तिचा 27 एनएमचा टॉर्क (इंजिनाचा चाक फिरवण्याचा जोर) 4000 आरपीएमला, मिनिटाला 4000 फेऱ्यांवर, मिळतो, म्हणजे इंजिन फार न फिरवता, हाफ क्लचवर ती शांतपणे सरकते. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये याचं मोल मोठं आहे. ड्यूकचा टॉर्क मोठा आहे, 39 एनएम, पण तो पूर्ण मिळायला इंजिन 6500 पर्यंत न्यावं लागतं. थांब-चाल रहदारीत असं इंजिन सारखं खालच्या गिअरमध्ये ठेवावं लागतं, आणि मांड्यांना गरम हवा लागते ती वेगळीच. पण क्लासिकचे 195 किलो माझ्या मनाला खटकतात. तुम्ही 62 किलोचे. चढावर, पार्किंगमध्ये, डबल सीट, तुमची अवघड दहा मिनिटं नेमकी तिथे आहेत.

म्हणून तुम्ही न विचारलेलं एक नाव मी पुढे करतो. क्लासिकच्याच 349 सीसी इंजिनाची रॉयल एनफिल्डची हंटर 350 आहे, 181 किलोची. चाकं सतरा इंची, हँडल पटकन वळतं, सीटही खाली. होंडाची सीबी 350 हायनेसही त्याच वजनाची आहे. तुमच्यासाठी माझी पहिली पसंती हंटर. फक्त पत्नीला मागे बसवून खराब रस्त्यावरून एक चक्कर मारा. त्यांना मागचे धक्के जाणवले तर क्लासिक घ्या, आणि पुढे-मागे दोन्हीकडे डिस्क आणि दोन्ही चाकांना एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) असलेलाच प्रकार घ्या. इथे पैसे वाचवू नका.

आता तुमच्या मित्राचं म्हणणं. ‘एकदाच मोठी घे’ हा घराचा हिशेब आहे. गाडी विकता येते. दोन-तीन वर्षं वापरलेली, एका मालकाची, सर्व्हिसचा इतिहास असलेली 350 घ्या, 15,000 किलोमीटर चालवा आणि विका. या गाड्यांना बाजारात गिऱ्हाईक असतं, तोटा फार होत नाही. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी 18 टक्के आहे आणि त्यावरच्यांवर 40 टक्के. म्हणजे मोठ्या गाडीची घाई करण्याची किंमतही वाढली आहे. वाचलेल्या पैशांतून आयएसआय शिक्क्याचं, डोक्याला घट्ट बसणारं फुल फेस हेल्मेट, हातमोजे, घोट्यावरचे बूट आणि जॅकेट घ्या. दोघांसाठी घ्या. मागे बसणाऱ्याची कातडी काही वेगळी नसते.

टेस्ट राइडबद्दल एवढंच सांगतो की शोरूमपासून चौकापर्यंत जाऊन यायला मी टेस्ट राइड म्हणत नाही. आधी इंजिन बंद ठेवून गाडी साइड स्टँडवरून उचला आणि दहा पावलं मागे ढकला. तिथेच दम लागला तर पुढचं सगळं गैरलागू. मग ट्रॅफिकमधून वीस मिनिटं न्या, म्हणजे इंजिन तापेल. रिकाम्या रस्त्यावर पाय न टेकता दोन्ही बाजूंनी यू टर्न घ्या. बहुतेकांना उजवीकडचा जास्त जड जातो, कारण आतल्या बाजूला थ्रॉटलचा हात येतो. चढावर थांबून, मागचा ब्रेक धरून, क्लचवर गाडी उचला. शेवटी पत्नीला मागे बसवून हेच सगळं परत करा. हे करताना एकदाही पोटात गोळा आला नाही, तर गाडी तुमची.

गाडी घेतल्यावर रविवारी सकाळी रिकामं मैदान किंवा कंपनीचं पार्किंग गाठा. तीसच्या वेगावरून पुढच्या ब्रेकने थांबा, वीस वेळा. ब्रेक एकदम आवळायचा नाही. आधी लिव्हर हलका घ्यायचा, गाडी पुढे बसू द्यायची, मग दाब वाढवत न्यायचा. एबीएस सुरू झाल्यावर लिव्हर कसा धडधडतो तेही कोरड्या रस्त्यावर एकदा अनुभवून ठेवा, नाहीतर पहिल्यांदा तो धडधडला की लोक घाबरून ब्रेकच सोडतात. असे आठ रविवार झाले की घाटात जा. तेही आधी एकटे, मित्रांच्या पाठोपाठ नाही. समोरच्याचा मागचा दिवा बघत वळण घेणारा माणूस त्याच्या वेगाने वळणात शिरतो.

वर्षभराने तुम्ही घाटातून परत आलात, वळणांवर 350 अपुरी पडतेय असं वाटलं, आणि पुढचा ब्रेक विचार न करता लागत असेल, तर 390 चालवून बघा. तोवर ती आणखी सुधारलेलीही असेल.

पायाची लांबी मोजून झाली की आकडा कळवा, त्यावरून हंटर, क्लासिक आणि हिमालयन यांचं नेमकं सांगता येईल. आणि एक गोष्ट तुमच्या प्रश्नात कुठेच नाही: पत्नीला मागे बसायला भीती कधी वाटते? त्यांना आज विचारा आणि त्या जे सांगतील तेही लिहा.